बालगृहातल्या मुलांचा अभ्यास: नागपुरात स्वयंसेवकांचा गट चालवणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या कुठल्याही बालगृहाच्या अधीक्षकांना विचारा, केकची टंचाई त्यांना कधीच नसते. पंधरा ऑगस्ट, दिवाळीचा आठवडा, कुणा नेत्याचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. माणसं येतात, मुलांना रांगेत बसवून जेवू घालतात, दोन गाणी म्हणवून घेतात आणि जातात. टंचाई असते ती बुधवारी संध्याकाळी साडेपाचला येऊन दहावीच्या चौघांना बीजगणित शिकवणाऱ्याची, आणि तो पुढच्या बुधवारीही येईल याची जबाबदारी घेणाऱ्याची. हा लेख त्या जबाबदारी घेणाऱ्यासाठी आहे. त्याला गटप्रमुख म्हणा, समन्वयक म्हणा. शिकवायची हौस असलेले लोक मिळतात. त्यांना वर्षभर वेळेवर आणणं, कायद्याच्या चौकटीत ठेवणं आणि मुलांसमोर दर आठवड्याला नवा चेहरा उभा राहू न देणं हे काम निराळं आहे.

घर कसलं आहे ते आधी समजून घ्या

आपण सरसकट ‘अनाथाश्रम’ म्हणतो, पण कायद्यात त्याचे प्रकार आहेत आणि प्रकारानुसार दार वेगळं ठोठवावं लागतं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं बालगृहात राहतात. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं. अगदी लहान, दत्तक जाऊ शकणारी बाळं शिशुगृहात, आणि रस्त्यावरून तात्पुरती आलेली मुलं खुल्या निवाऱ्यात. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं या चौकटीच्या बाहेरची. तिथली परवानगी त्या त्या विभागाची. निरीक्षणगृहात नव्या गटाने सुरुवात करू नये असं माझं मत. तिथली मुलं कमी दिवसांसाठी असतात आणि नियम कडक असतात. अनुभव आला की मग बघा.

बालगृहात मूल कुणाच्या मर्जीने राहत नाही, बाल कल्याण समितीच्या आदेशाने राहतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत समितीपुढे हजर करावं लागतं. नागपूर हे चारी दिशांच्या गाड्यांचं जंक्शन असल्यामुळे छत्तीसगडचं, मध्य प्रदेशातलं, कधी बिहारचं मूलही इथे फलाटावर उतरतं आणि समितीपुढे येतं. घर सापडलं की तेच मूल एका आदेशाने परत जातं. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या पोराला तुम्ही जुलैपासून भागाकार शिकवताय ते गुरुवारी आलात तर तिथे असेलच असं नाही. स्वयंसेवकांना हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा. मूल घरी गेलं ही आनंदाची बातमी असते, पण शिकवणाऱ्याला ती एकदम पचत नाही.

आणखी एक गैरसमज पहिल्याच दिवशी दूर करायचा. बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. कुणाची आई एकटी आहे आणि दिवसभर मजुरीला जाते, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाचं घर दारूने बसलेलं. “तुला कुणीच नाही का रे?” हा प्रश्न विचारणारा स्वयंसेवक मला पहिल्या दिवशीच नको असतो.

घरीच, आजीकडे किंवा मामाकडे वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना या नावाने चालते आणि तिच्यात महिन्याला 2250 रुपये मिळतात. संस्थेचा व्याप झेपणार नाही असं वाटत असेल तर वस्तीतल्या अशा चार-पाच मुलांचा अभ्यास घेणं हेही याच कामात मोडतं. फक्त तिथे अधीक्षकांच्या जागी आजी असते, आणि तिची वेळ सांभाळावी लागते.

परवानगी: एप्रिलमध्ये अर्ज, जुलैत वर्ग

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. म्हणून उलटी मोजणी करा. वर्ग जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू व्हायचा असेल तर अर्ज एप्रिलमध्ये गेला पाहिजे. मे महिन्यात कार्यालयात निम्मी माणसं रजेवर असतात.

पहिली भेट संस्थेच्या अधीक्षकांची. जाताना मिठाई नको, एक पानभर टिपण न्या: तुम्ही कोण, किती जण, कोणते दिवस, कोणत्या इयत्ता, काय करणार आणि काय करणार नाही. मग संस्थेचं संमतीपत्र जोडून जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाला अर्ज द्या. मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारा जिल्हा बाल संरक्षण कक्ष तिथलाच. पोच घ्या. तोंडी “हो हो, या ना” वर वर्ग सुरू करू नका. अधीक्षकांची बदली होते, नवे अधीक्षक विचारतात “तुम्हाला कोणी येऊ दिलं?”, आणि तुमच्या हातात एक कागदही नसतो.

संस्था नोंदणीकृत आहे का, हे संकोच न करता विचारा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 नुसार नोंदणी बंधनकारक आहे. चांगल्या संस्थेत ते प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलेलं असतं. “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर दोनदा आलं तर तिथे थांबा आणि बाल संरक्षण कक्षाला विचारा.

संस्थेशी एक साधा करारनामा करा, दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात मुलं, दिवस आणि वेळ येतीलच. पण खरी भांडणं ज्यावरून होतात त्या गोष्टी लिहा. खोली कोणती? ती कोण उघडणार? पंखा बंद असेल तर? वर्गाच्या वेळी संस्थेचा कोणता कर्मचारी आवारात असणार? पाहुणे आले, कार्यक्रम ठरला तर वर्ग रद्द होणार का, आणि ते आदल्या दिवशी कोण कळवणार? काळजीवाहक मावशींना या करारात काय ठरलंय ते स्वतः जाऊन सांगा. साहेबांनी सही केली तरी खोलीची चावी मावशींकडेच असते.

माणसं निवडताना

पहिला निकष चांगलं शिकवणं हा नाही. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, ठरलेल्या वारी येईल का, हा आहे. या मुलांच्या आयुष्यातली मोठी माणसं आधीच खूपदा न सांगता निघून गेलेली असतात. तीन महिने जीव लावून गायब होणारा उत्तम शिक्षक त्यांच्यासाठी साध्या, कंटाळवाण्या पण नेमाने येणाऱ्या माणसापेक्षा वाईट.

नागपुरात माणसं कुठे मिळतात? निवृत्त शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेले लोक दहावीच्या गणिताला सोन्यासारखे. महाविद्यालयीन मुलं उत्साही असतात, लहानांना ती आवडतात, पण विद्यापीठाच्या परीक्षा आल्या की त्यांची हजेरी कोसळते; म्हणून प्रत्येक विद्यार्थी-स्वयंसेवकामागे एक नोकरदार किंवा निवृत्त माणूस जोडीला ठेवा. बजाजनगरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था किंवा सदरचं तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय इथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावं लागतं. त्यांना समिती, कक्ष, अहवाल ही भाषा आधीच येते. गटात असा एक जण असला की निम्मं काम हलकं होतं.

प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी करून घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो, आणि ठाण्यात बोलावतील तेव्हा जावं लागतं. ओळखीचा आहे, शेजारचा आहे, आपल्या साहेबांचा मुलगा आहे, म्हणून कुणालाही सूट नाही. कुरकूर झाली तर गटप्रमुखाने आपलं स्वतःचं प्रमाणपत्र आधी टेबलावर ठेवावं, बाकीचे गुपचूप अर्ज करतात.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: “मुलाने तुमच्याकडे मोबाइल मागितला, फक्त आईला एक फोन लावायला, तर काय कराल?” जो लगेच “देईन, बिचारा” म्हणतो त्याला अजून तयार करावं लागेल. जो झिडकारून “नाही देणार” म्हणतो त्यालाही. “अधीक्षकांना विचारू, चल, आपण दोघं जाऊ” असं म्हणणारा माणूस लगेच घ्यावा. आईशी बोलणं हा मुलाचा हट्ट नसतो. पण आईशी संपर्क कधी आणि कसा करायचा हे समितीच्या आदेशावर अवलंबून असू शकतं, आणि कधीकधी त्यामागे मुलाच्या सुरक्षिततेचं कारण असतं.

नियम, ज्यांना अपवाद नाही

बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं बसायचं नाही. दार उघडं, दोन मोठी माणसं. मुलाला घरी न्यायचं नाही, सणालाही नाही. एकाच मुलाला वेगळी भेटवस्तू नाही. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, इन्स्टाग्रामवर जोडून घ्यायचं नाही. “मी तुला दत्तक घेईन”, “मी तुला इंजिनिअर करीन” असली वाक्यं थट्टेतही नाहीत. भूतकाळ विचारायचा नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं.

फोटोबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नियम इथेच मोडतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे: नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आजचा सुंदर अनुभव’ म्हणून ग्रुपवर टाकलेला वर्गाचा फोटो यातच येतो. चेहऱ्यावर इमोजी चिकटवला तरी मागे शाळेच्या गणवेशाचं बोधचिन्ह दिसतं. आमचा नियम सोपा आहे: वर्गाच्या वेळी सगळ्यांचे फोन एका डब्यात, डबा कार्यालयात. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर फळ्याचा काढा.

आता कठीण भाग. एखादं मूल अभ्यास करता करता असं काही सांगेल की तुमच्या पोटात गोळा येईल. कुणी हात लावला, कुणी मारलं. अशा वेळी चेहरा शांत ठेवायचा. ऐकायचं. “खरंच?”, “कधी?”, “कुठे?”, “तू काय केलंस?” अशी सरबत्ती करायची नाही, तपास हे तुमचं काम नाही. “कुणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. “तू सांगितलंस ते बरं केलंस, मला आता ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगावं लागेल” इतकं बोला. बाहेर पडल्यावर मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून काढा आणि लगेच गटप्रमुखाला कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे आणि न कळवणं हा गुन्हा. “आधी संस्थेशी बोलून बघू, बदनामी नको” हा सल्ला कितीही ज्येष्ठ माणसाने दिला तरी ऐकायचा नाही. चाइल्ड हेल्पलाइन 1098 आणि आपत्कालीन 112 हे दोन्ही क्रमांक गटातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

पहिले दोन आठवडे शिकवू नका

बहुतेक बालगृहांतली मुलं बाहेरच्या शाळेत जातात. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला वयानुरूप इयत्तेत बसवायची तरतूद आहे, ती योग्यच आहे. त्यासाठी विशेष प्रशिक्षण देऊन त्याला वर्गाच्या पातळीवर आणायचं असतं. पण मूल अधेमधे आलं, दोनदा संस्था बदलली, की ते राहून जातं. म्हणून तेरा वर्षांची मुलगी सातवीत असते आणि तिला जोडाक्षर वाचता येत नाही.

वही बघून हे कळत नाही, हा यातला फसवा भाग. अशा मुलीची वही उघडा: तांबड्या शाईत तारखा, खाली ‘गृहपाठ’, अक्षर गोल आणि टपोरं, पानभर विज्ञानाची उत्तरं, बाईंची बरोबरची खूण. मग त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, “एवढं वाचून दाखव.” ती ‘वनस्पती’ शब्दाशी थबकते, पुढचा शब्द अंदाजाने म्हणते, मग पान उलटते. फळ्यावरचं चित्र काढावं तसं तिने अक्षर उतरवून घेतलेलं असतं. वर्षानुवर्षं. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा अरबी लिपीतलं पान उतरवून बघावं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त ओळख आणि चाचणी. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरतात त्याच धर्तीची पुरते: अक्षरं, साधे शब्द, एक छोटा परिच्छेद, एक गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, एक अंकी भागाकार. प्रत्येक मुलाबरोबर वेगळं बसून, खेळल्यासारखं, बाकीच्या मुलांना ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. निकाल भिंतीवर लावायचा नाही. गट मग इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करा. फक्त एक काळजी घ्या, की तेरा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या पोरांबरोबर ‘कमळ बघ’ म्हणायला बसवायचं नाही. तिच्यासाठी बसची पाटी, दुकानाचं नाव, मोबाइल रिचार्जचा मेसेज, बातमीतला मथळा असं मोठ्या माणसाचं वाचन घ्या. अक्षरं तीच, मान राखला जातो.

भाषेकडेही लक्ष असू द्या. या शहरात मराठी-हिंदी एका वाक्यात नांदते. काही मुलं गोंडी घरातून येतात, काही छत्तीसगढी. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. “अबे, इकडं ये ना” म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी शुद्ध बोलायला लावलं तर तो बोलणंच बंद करतो.

नववी-दहावीला हा सगळा हिशेब बदलतो. तिथे वेळ कमी आणि मंडळाचा अभ्यासक्रम ठरलेला. पायाभूत वाचन दिवसाला वीस मिनिटं चालू ठेवा आणि उरलेला वेळ ज्या धड्यांवर हमखास गुण येतात त्यांना द्या. पास होणं हे इथे छोटं ध्येय नाही. आणि एखादा मुलगा मार्चमध्ये नापास झालाच तर पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत बसू देणारी एटीकेटीची सवलतही आहे. निकालाच्या दिवशी हे त्याला माहीत असलं पाहिजे, त्यानंतर आठ दिवसांनी नव्हे.

आठवड्याची घडी

संस्थेचा दिनक्रम ठरलेला असतो: शाळेतून येणं, नाश्ता, खेळ, प्रार्थना, जेवण. खेळाची वेळ खाऊन अभ्यास लावू नका, मुलं तुमचा राग करतील आणि त्यांचं बरोबर असेल. सहा ते आठ मुलांमागे दोन स्वयंसेवक, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी दीड तास. याहून जास्त आखलं तर गट दिवाळीपर्यंत दमतो.

गैरहजेरीचा नियम लिहून ठेवा. येणार नसाल तर दुपारी बारापर्यंत कळवायचं, बदली माणूस गटप्रमुख शोधणार, आणि कुणीच मिळालं नाही तर संस्थेला फोन करून मुलांना तसं सांगायला लावायचं. “ताई आज येणार नाही, शुक्रवारी येईल” हे मुलांना चालतं. पाच वाजता वह्या घेऊन बसवून ठेवणं चालत नाही. सलग दोनदा न कळवता गैरहजर राहिलेल्या माणसाला प्रेमाने निरोप द्या. हे करायला जीभ रेटत नाही हे मला ठाऊक आहे, विशेषतः तो माणूस वयाने मोठा असला तर, तरीही.

एप्रिलनंतर संध्याकाळचा वर्ग विसरा. पारा 45 च्या आसपास खेळतो, कूलर खोलीत एकच आणि तोही लाइट असेल तर. सकाळी साडेसात ते नऊ बरं. मे महिना रिकामा सोडू नका. शाळा नसते, जी मुलं घरी जाऊ शकत नाहीत त्यांना तो महिना फार लांब जातो. गोष्टींची पुस्तकं, नकाशे, कॅरम, स्वयंपाकघरात मोजमाप. रामन विज्ञान केंद्र किंवा अजब बंगल्याची एक सहल करता येते, पण मुलांना आवाराबाहेर नेण्याची लेखी परवानगी आणि संस्थेचा कर्मचारी सोबत असल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

कागद

खरं सांगायचं तर माझ्या मते शिकवणीपेक्षा हा भाग मोठा आहे. सत्तर टक्के मिळवलेली मुलगी केवळ एका दाखल्यापायी अडते. त्यामुळे गटातल्या एका माणसाला शिकवायला लावूच नका. त्याच्याकडे फक्त कागद द्या. चिकाटीचा, न चिडणारा, रांगेत उभं राहायला न लाजणारा. निवृत्त कारकून मिळाला तर देव पावला.

मूळ कागद कधीही संस्थेबाहेर न्यायचे नाहीत आणि ते सांभाळणं संस्थेचंच काम. तुमचं काम, प्रत्येक मुलामागे काय आहे आणि काय नाही याचा तक्ता करून त्याचा पाठपुरावा. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, बँक खातं, अपंगत्व असेल तर त्याचं प्रमाणपत्र. शाळा प्रवेश नाकारत असेल तर लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून, आणि कलम 5 नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून, प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांशी भांडू नका, कलमाची प्रत पुढे ठेवा आणि चहा घ्या.

नावाच्या घोळाला आठवीतच हात घाला. आधारवर एक नाव, शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसरं, समितीच्या आदेशात तिसरं, आडनाव कधी आहे कधी नाही. दहावीचा बोर्डाचा फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरला जातो. तोपर्यंत सगळीकडे एकच नाव झालं पाहिजे, कारण गुणपत्रिकेवर जे छापलं जातं ते जन्मभर मागे येतं. शाळा मधेच सुटलेल्या मोठ्या मुलासाठी 17 नंबर फॉर्म भरून खासगीरीत्या बसण्याचा मार्ग आहे.

आईवडील दोघंही नसलेल्या मुलांसाठी अनाथ प्रमाणपत्र हा फार मोलाचा कागद. राज्यात 2018 पासून अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ या प्रमाणपत्रावर मिळतो. ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळतं आणि मूल संस्थेत असतानाच अर्ज करणं सोपं जातं. संस्था सोडल्यावर जुन्या नोंदी शोधत फिरणं म्हणजे चपला झिजवणं. आठवीत एनएमएमएसची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा द्यायला लावा. निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते, त्यासाठीही उत्पन्नाचा दाखला लागतो. पुन्हा कागद.

अठरा वर्षं

अठराव्या वाढदिवसाला बालगृहाचं दार कायद्याने मागे पडतं. कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय एरवी 21 पर्यंत, अपवादात्मक स्थितीत 23 पर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. पण हे आपोआप होत नाही. संस्थेत प्रत्येक मुलासाठी जी व्यक्तिगत काळजी योजना करतात तिच्यात ते लिहिलेलं असावं लागतं आणि कक्षाकडे वेळेत जावं लागतं. सतरावं लागलं की अधीक्षक आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी यांच्यासोबत बसून विचारा: हा कुठे राहणार, काय शिकणार, पैसे कुठून? अपंग मुलांच्या बाबतीत हा प्रश्न किती टोकदार आहे हे विदर्भाला अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांमुळे माहीत आहे. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतर बाहेर काढू नका, ही मागणी ते वर्षानुवर्षं लावून धरत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आठवीपासून पुढच्या वाटा दाखवा. दहावीनंतर अकरावीच घ्यावी असा काही नियम नाही. आयटीआय, तंत्रनिकेतन, नर्सिंग. आयटीआयचा फेरफटका नववीतच घडवा. यंत्र हाताळणारा, आपल्याच वयाचा पोरगा बघितला की डोक्यात चक्र फिरायला लागतं, नुसत्या करिअर मार्गदर्शनाच्या भाषणाने ते होत नाही.

आणि व्यवहार. संस्थेत वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने कधी भाजी विकत घेतलेली नसते. बँकेत पैसे भरायची स्लिप, बर्डीवरून मेट्रो बदलून खापरीला जाणं, गॅस लावणं, घरमालकाशी बोलणं, महिन्याचे चार हजार तीस दिवस पुरवणं. कॉलेजच्या फॉर्मवर ‘पालकाची सही’ हा रकाना आला की हुशार मुलंही गप्प होतात. तिथे कोण सही करणार हे आधीच लेखी ठरवून ठेवा. स्वयंसेवकाने भावनेच्या भरात स्वतःची सही ठोकायची नाही.

पैसे, वस्तू आणि वाढदिवसाची मंडळी

गटाच्या नावाने रोख गोळा करू नका. ज्याला द्यायचं त्याने संस्थेला धनादेशाने द्यावं आणि पावती घ्यावी. तुमच्याकडे मागणीची एक तयार यादी असू द्या: परीक्षा शुल्क, कंपासपेटी, प्रयोगवह्या, अभ्यासिकेतले दोन चांगले दिवे, चष्मे. डोळे तपासून घेणं ही वर्षातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळ देणारी गोष्ट; फळा न दिसणारी दोन-तीन मुलं हमखास निघतात. केक घेऊन येणाऱ्या कुटुंबाला हाकलू नका. त्यांना दारातच विचारा, “दर शनिवारी एक तास याल?” दहातले नऊ हसून विषय बदलतात. दहावा तुमच्या गटात येतो.

अधीक्षकांशी जमवून घेणं, आणि न जमवणं

महिन्यातून एकदा अर्धा तास अधीक्षकांसोबत बसा. पन्नास मुलं, अपुरे कर्मचारी, वरून आलेली पत्रं, त्यात तुमची सूचना. तक्रारीआधी विचारा की तुमच्याकडून त्यांना काय अडचण होतेय. “तुमचा वर्ग संपला की मुलं प्रार्थनेला उशिरा येतात” असं साधंच काही असतं.

पण मारहाण, उपाशी ठेवणं, मुलांकडून घरकामं करवून घेणं असं दिसलं तर जमवून घेणं संपलं. बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी यांना लेखी कळवा, पोच ठेवा. जिल्ह्याची तपासणी समिती असते, तिने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. व्हॉट्सअॅपवर चर्चा करू नका, पत्रकार मित्राला आधी फोन करू नका. मुलं त्याच छताखाली झोपणार असतात.

निरोप आणि हस्तांतरण

स्वयंसेवक सोडून जाणार, बदली होणार, लग्न होणार. महिनाभर आधी मुलांना सांगायचं, शेवटचा दिवस ठरवायचा, पुढचा माणूस आधीचे दोन आठवडे सोबत बसवायचा. “मी येत जाईन अधूनमधून” म्हणायचं नाही. मूल रुसेल, बोलणार नाही, एखादं वही फाडेल. ते त्याच्या जागी बरोबर आहे.

गटप्रमुखही बदलतो, आणि बरेच गट त्याच्याबरोबरच बसतात. म्हणून पहिल्या वर्षापासून एक उपप्रमुख असू द्या, आणि एक वही संस्थेच्या कपाटात. त्या वहीत परवानगीच्या पत्राची प्रत आणि मुदत, प्रत्येक स्वयंसेवकाच्या पडताळणीची तारीख, मुलांच्या पातळीच्या नोंदी आद्याक्षरांनी, कागदांचा तक्ता, मावशींचं आणि शाळेच्या वर्गशिक्षकांचं नाव, आणि पुढच्या बारा महिन्यांत अठरा पूर्ण करणाऱ्या मुलांची यादी, तारखेसकट. नव्या गटप्रमुखाने ती यादी सगळ्यात आधी वाचायची आणि त्याच आठवड्यात बाल संरक्षण कक्षात जायचं.